बचावफळीतून सीमारेषेबाहेर : बचावपटूने मुलांचा प्रशिक्षक कसे व्हावे

ज्याच्या गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केली आहे, पुढच्या हंगामासाठी क्लबकडून बोलावणे येईलच अशी ज्याला खात्री उरलेली नाही आणि तरीही ज्याच्याने मैदान सोडवत नाही, अशा फुटबॉलमधल्या बचावपटूसाठी हा लेख आहे. मी स्वतः अनेक हंगाम सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू, म्हणून खेळलो आणि आता दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिकवतो. या बदलात सर्वांत अवघड काय गेले, असे कोणी विचारले तर परवाना मिळवणे किंवा मैदान मिळवणे यांपैकी काहीच मी सांगणार नाही. बचावपटूला वर्षानुवर्षे एकच सवय लागलेली असते, ती म्हणजे धोका दिसताच ओरडून, ढकलून, चेंडू उडवून चूक होण्याआधीच निस्तरण्याची. मुलांच्या प्रशिक्षकाला ती चूक डोळ्यांदेखत होऊ द्यावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती फिरतात, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

पहिली पायरी : बूट खुंटीला टांगण्याआधीच सुरुवात करा

पेर मेर्टेसाकर हा जर्मन बचावपटू १९८ सेंटिमीटर उंच. हॅनोव्हर आणि वेर्डर ब्रेमेन या क्लबांकडून खेळून तो २०११ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबला आला, जर्मनीसाठी १०४ सामने खेळला आणि २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. २०१६-१७ चा जवळजवळ सगळा हंगाम दुखापतीत गेल्यावर २७ मे २०१७ रोजी वेम्ब्ली मैदानावर चेल्सीविरुद्धच्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो त्या हंगामात प्रथमच सुरुवातीपासून खेळला आणि आर्सेनलने तो सामना २-१ असा जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच क्लबने जाहीर केले की तो आणखी एक हंगाम खेळेल आणि २०१८ पासून अकादमीची सूत्रे हाती घेईल. आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे तो मधला एक हंगाम. पुढचे काम ठरलेले आहे आणि ड्रेसिंग रूममधली जागाही अजून सुटलेली नाही, असे वर्ष ज्याला मिळते त्याला खेळाडूच्या आणि शिक्षकाच्या अशा दोन्ही नजरांनी एकच सराव पाहता येतो.

मेर्टेसाकरला वेगवान कोणीच म्हटले नसते, आणि माझ्या मते असेच बचावपटू चांगले शिक्षक होतात. ज्याचे पाय वाऱ्यासारखे धावतात तो चूक झाल्यावरही धावून ती भरून काढतो, त्यामुळे आपण नेमके काय पाहिले म्हणून वेळेत पोहोचलो, हे त्याला सांगता येत नाही. ज्याला दोन पावले आधीच निघावे लागते त्याला ते सांगता येते.

आपल्याकडे अकादमीची खुर्ची कोणी राखून ठेवत नाही, हे खरे. पण कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत, मुंबईत शालेय संघ आहेत, गोव्यात गावोगावी क्लब आहेत, आणि यांतल्या कोणत्याही ठिकाणी लहान मुलांच्या सरावाला आठवड्यातून दोन दिवस मदतीला येतो म्हटल्यास नाही म्हणणारा प्रशिक्षक मी पाहिलेला नाही. शंकू मांडणे, बिब (संघ ओळखू यावेत म्हणून अंगात घालायची रंगीत बंडी) वाटणे, चेंडूंत हवा भरणे आणि निघताना ते मोजून पिशवीत टाकणे, एवढेच काम मिळाले तरी ते आनंदाने करावे. त्या काळात चेंडूकडे पाहण्याऐवजी प्रशिक्षकाकडे पाहावे : तो खेळ कधी थांबवतो, किती शब्दांत बोलतो आणि रांगेत उभ्या मुलांचे काय होते.

गोव्याचे डेरिक परेरा हे भारताकडून खेळलेले बचावपटू पुढे प्रशिक्षक झाले आणि २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिळवले. पुढे ते पुणे एफसीचेही प्रशिक्षक होते. धेंपो क्लबचा बचावपटू महेश गवळी भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, आणि २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यावर बंदी आल्यावर कुवेतविरुद्धच्या अंतिम सामन्यात सीमारेषेवर तोच उभा होता. ही वाट आपल्या माणसांनी आधीच मळवलेली आहे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुसरी पायरी : परवान्याची शिडी

ही पायरी सरळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या रचनेत तळाशी ई प्रमाणपत्र आणि डी परवाना आहे, आणि त्यावर आशियाई महासंघाच्या सी, बी, ए आणि प्रो या पायऱ्या आहेत. हे वर्ग राज्य संघटनांमार्फत भरतात. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन यांच्या सूचनांकडे लक्ष ठेवावे, कारण जागा मोजक्या असतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणातील पदविका ही वेगळी वाट आहे, आणि शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असल्यास बी.पी.एड. लागते. मोठ्या स्तरावर खेळलेल्या माणसाला ई किंवा डीच्या वर्गात बसणे कमीपणाचे वाटते. ते वाटू देऊ नये, कारण लहान मुलांबद्दल सर्वांत जास्त तिथेच शिकवले जाते आणि वरच्या वर्गांत ते गृहीत धरले जाते.

तिसरी पायरी : पहिला महिना तोंड बंद ठेवा

माझ्या पहिल्या सरावाला बावीस मुले होती आणि मी दर मिनिटाला शिट्टी वाजवत होतो. तू पुढे का गेलास, तुझी जागा ही नव्हे, मागे बघ, लाइन सरळ ठेवा. अर्ध्या तासाने नऊ वर्षांच्या एका मुलाने अगदी साळसूदपणे विचारले, "सर, आम्ही खेळायचं कधी?" त्या दिवशी मी बोललेल्या शेकडो वाक्यांपैकी एकही त्यांच्या लक्षात राहिले नसेल; ते एक वाक्य मात्र माझ्या लक्षात राहिले.

तेव्हापासून पाळत आलेली पद्धत अशी आहे. सराव सव्वा तासाचा. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू. मग छोट्या जागेतला एखादा खेळ, ज्यात त्या दिवशीचा विषय आपोआप वारंवार येतो, आणि शेवटची निदान पंचवीस मिनिटे चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच असा सरळ सामना. सोळा मुले असतील तर दोन मैदाने आखावीत आणि रांग कुठेच लावू नये. एका सरावात सगळ्यांना मिळून फक्त तीनदा थांबवायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि तो पाळण्यासाठी खिशात तीन खडे ठेवतो. थांबवले की एक खडा मैदानाबाहेर टाकायचा. ऐकायला पोरकट वाटेल, पण पहिल्या आठवड्यात माझे खडे दहा मिनिटांत संपत होते.

साहित्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पाच नंबरचा, सुमारे ६८ ते ७० सेंटिमीटर परिघाचा चेंडू देऊ नये. त्याला चार नंबरचा द्यावा आणि त्याहून लहानग्यांना तीन नंबरचा. मोठा चेंडू लांब जात नाही म्हणून मूल पायाच्या टोकाने मारू लागते, आणि ती सवय मोडायला पुढे दोन वर्षे जातात.

चौथी पायरी : बचाव शिकवताना

आता आपल्या घरच्या विषयाकडे येतो. लहान मुलांना बचाव शिकवताना बहुतेक माजी बचावपटू टॅकलपासून, म्हणजे पाय घालून चेंडू हिसकावण्यापासून, सुरुवात करतात, आणि तिथेच चुकतात. टॅकल हा शेवटचा उपाय आहे. त्यातही संध्याकाळी तासावर भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवतावर घसरून टॅकल करायला शिकवणे म्हणजे मुलांच्या मांड्या आणि कोपरे सोलून काढणे आहे.

पंधरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशी पट्टी शंकूंनी आखावी. एका टोकाला बचाव करणारा, दुसऱ्या टोकाला चढाई करणारा. बचाव करणाऱ्याने चेंडू समोरच्याकडे ढकलायचा आणि लगेच निघायचे. समोरच्याने चेंडू घेऊन या टोकाची रेषा ओलांडायची. पहिल्या फेरीत काहीच सांगू नये. दहापैकी आठ मुले पूर्ण वेगाने धावत जातील, पाय टाकतील आणि मागे वळून आपल्यालाच चकवून गेलेल्याची पाठ पाहतील. ते तसेच होऊ द्यावे, आणि चार-पाच फेऱ्यांनंतर फक्त विचारावे, "तो तुझ्या बाजूने का जाऊ शकला?" बहुतेक वेळा उत्तर मुलांकडूनच येते : मी थांबूच शकलो नाही.

इथे मी कबड्डीचे उदाहरण देतो, कारण आपल्या मुलांना ते लगेच समजते. कोपऱ्यातला पकड करणारा खेळाडू चढाई करणारा आत शिरताक्षणी त्याच्यावर झेप घेत नाही. तो वाकून, अंतर राखून, त्याच्याबरोबर सरकत राहतो आणि त्याचा पाय जरा जास्त आत आला की मग पकडतो. फुटबॉलमध्येही तेच करायचे. निघताना जोरात धावायचे, म्हणजे समोरच्याला मान वर करायला वेळ मिळत नाही. शेवटची तीन-चार पावले आखूड टाकून वेग मारायचा. हात लांब केला तर बोटे त्याच्या शर्टाला लागतील इतक्या अंतरावर थांबायचे. एक पाऊल पुढे, एक मागे, अंग तिरपे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. अंग तिरपे ठेवल्याने त्याच्यासमोर एकच वाट उघडी राहते, आणि ती कोणती हे आपण ठरवतो. बहुधा ती सीमारेषेकडची असावी. नजर चेंडूवर, कारण खांदे आणि कंबर हुलकावणी देतात. चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटला किंवा त्याने पाठ वळवली की तीच घेण्याची वेळ. हे सगळे एका दिवसात सांगू नये. माझ्याकडे एवढ्याला सहा आठवडे लागतात : पहिल्या दोन आठवड्यांत फक्त थांबणे, पुढच्या दोनमध्ये तिरपे उभे राहणे आणि शेवटी घेण्याची वेळ.

यानंतर तीच पट्टी दुप्पट रुंद करून दोन विरुद्ध दोन खेळवावे. दुसऱ्या बचावपटूने पहिल्याच्या तिरपे मागे तीन-चार मीटरवर राहायचे आणि मुख्य म्हणजे बोलायचे. "थांब", "डावीकडे वळव", "मी आहे मागे", एवढे तीन शब्दप्रयोग पुरेसे होतात. प्रशिक्षकाच्या आवाजाची खरी अडचण इथे कळते, कारण सीमारेषेवरून मीच "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिलो तर त्या दुसऱ्या मुलाला बोलण्याचे कारणच उरत नाही. खेळत असताना मागच्या फळीतला सर्वांत मोठा आवाज माझा होता. आता तो आवाज अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यातून यावा लागतो, आणि सुरुवातीला तो जेमतेम ऐकू येईल असा, चुकीच्या वेळी आणि बरेचदा चुकीच्या बाजूचा येतो.

मागे पाहण्याची सवय लावायला सोपा खेळ आहे. मुलाला समोरून पास द्यायचा. त्याच्या पाठीमागे तिसरे मूल उभे राहून बोटे दाखवते. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून किती बोटे आहेत ते ओरडून सांगायचे. पहिल्या दिवशी आकडा सांगण्याच्या नादात चेंडू पायाखालून निघून जातो आणि सगळे हसतात. पंधरा दिवसांत दोन्ही जमू लागते.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीने सामन्यात एकटी मागे राहिलेली असताना प्रतिस्पर्ध्याला टॅकलच केले नाही. ती नुसती मागे सरकत, त्याला रेषेकडे ढकलत राहिली. बाहेरून दोन-तीन पालक "अगं घे ना चेंडू!" म्हणून ओरडत होते. सातव्या-आठव्या सेकंदाला तिच्या दोन सहकारी परत आल्या, तेव्हा तिने पाय घातला. माझ्या खिशातले तिन्ही खडे त्या दिवशी शाबूत होते.

संपूर्ण बचावफळीची रचना, ऑफसाइडची सापळेबाजी (सगळ्या फळीने एकदम पुढे सरकून चढाई करणाऱ्याला नियमबाह्य जागी अडकवणे), कोणी कोणाला धरायचे, हे सगळे तेरा-चौदा वर्षांनंतर. त्या वयात मुले किती शिस्तीने बचाव करू शकतात ते २०१८ च्या आशियाई १६ वर्षांखालील स्पर्धेत दिसले. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघाने व्हिएतनामला १-० हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य रोखले आणि संपूर्ण स्पर्धेत फक्त एक गोल खाल्ला. दुर्दैवाने तो उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाकडून होता, आणि त्याबरोबर १७ वर्षांखालील विश्वचषकाची संधीही गेली.

पाचवी पायरी : उंच मुलाला मागे उभे करू नका

दहा वर्षांच्या गटात एक मूल बाकीच्यांपेक्षा डोकेभर उंच असते आणि त्याला सेंटर बॅक करण्याचा मोह आपल्यालाच सर्वांत जास्त होतो. पण त्याची वाढ फक्त लवकर सुरू झालेली असू शकते. चौदाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि तोवर त्याने चेंडू उडवण्यापलीकडे काही शिकलेले नसते. वयाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले निवडीत पुढे आणि डिसेंबरमधली मागे राहतात, हेही जगभर दिसून आले आहे. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्रत्येकाला प्रत्येक जागी खेळवावे, गोलकीपरसकट. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखते म्हणणाऱ्या मुलाला "सहन कर" म्हणू नये. त्याच्या उड्या आणि धावणे कमी करून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.

सहावी पायरी : हेडरबाबत आपला अभिमान गिळावा

बचावपटूला हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, प्रिय असतो. मलाही आहे. पण २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट आढळले. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात हा धोका बचावपटूंना सर्वाधिक, जवळपास पाचपट, असल्याचे दिसले. गोलकीपरमध्ये तो सामान्य लोकांइतकाच होता. अमेरिकेने दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडर आधीच बंद केला होता आणि इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून तो काढला. आपल्या गटात आपणच हा नियम करावा : बारा वर्षांपर्यंत सरावात हेडर नाही, त्यानंतर हलक्या चेंडूने, हाताने टाकलेल्या फेकीवर आणि मोजून. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, मग ते कितीही "मी ठीक आहे सर" म्हणो.

सातवी पायरी : पालक आणि "उडवून मार"

१९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात धरण्यावर बंदी आली आणि २०१९ पासून गोलकिक (चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून मारायची किक) पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला घेता येऊ लागली. या दोन बदलांनी बचावपटूचे काम पालटून टाकले आहे. आजच्या मुलाला दबावाखाली मागून पासने बाहेर पडता आले पाहिजे, आणि ते शिकताना तो स्वतःच्याच गोलसमोर चेंडू गमावणार. तेव्हा बाहेरून "लांब मार, उडवून मार" असा गजर होतो, आणि खरे सांगायचे तर आपल्या आतूनही तोच आवाज येतो. हंगामाच्या सुरुवातीला पालकांना एकत्र बसवून सांगावे की असे गोल होतील, ते माझ्या सांगण्यावरून झालेले असतील आणि घरी जाताना त्याबद्दल मुलाला काही विचारू नये. मेर्टेसाकरने २०१८ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सामन्यापूर्वी येणाऱ्या मळमळीबद्दल आणि २००६ च्या विश्वचषकातून बाहेर पडल्यावर वाटलेल्या सुटकेबद्दल मोकळेपणाने सांगितले होते. जगातल्या अव्वल बचावपटूची ही अवस्था, तर आपल्या मैदानावरच्या मुलाच्या पोटात काय होत असेल याचा अंदाज पालकांना द्यावा.

आठवी पायरी : कायदा आणि पोट

अठरा वर्षांखालील प्रत्येक जण पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने मूल आहे, आणि अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, निरोप पालकांच्या गटावरच द्यावेत आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ करायला लावावा.

पैशांचे म्हणाल तर पहिली काही वर्षे फक्त यावर घर चालेल असे समजू नये. रेल्वे, बँका, कंपन्या यांच्या संघांतून खेळताना नोकरी मिळालेले माझे जुने सहकारी आज सर्वांत निश्चिंत मनाने शिकवतात, कारण त्यांना फीसाठी जिंकून दाखवावे लागत नाही. ज्यांना अशी नोकरी नाही त्यांनी सकाळी शाळा आणि संध्याकाळी अकादमी अशी सांगड घालावी, आणि मैदानाचे भाडे कोण भरणार, पावसाळ्यात रद्द झालेल्या सरावांचे पैसे मिळणार की नाही, हे कामाला लागण्याआधी लिहून घ्यावे. मी ते लिहून घेतले नव्हते, आणि एका जून ते सप्टेंबर मला त्याची किंमत मोजावी लागली.

सामन्याच्या दिवशी मी आता बाकावरच बसतो, उभा राहत नाही. उभे राहिले की आवाज चढतो. मांडीवर वही असते आणि तिच्यात निकालाऐवजी एवढेच टिपतो की आज कोणत्या मुलाने, न सांगता, मागे वळून पाहिले.